वर म्हणजे कुठं

फरीदा शेख मॅडम यांचं नाव या प्रकरणात सगळ्यात आधी यायला हवं, म्हणून ते पहिल्याच ओळीत लिहून टाकतो. त्या बीडच्या कॉलेजात आम्हाला भूगोल शिकवायच्या. उंचीनं ठेंगण्या, आवाजानं मोठ्या, आणि हातात कायम एक टोक लाल, एक टोक निळं अशी पेन्सिल. चूक झाली की पेन्सिलीचं लाल टोक बाकावर ठक्कन वाजायचं. मॅडमनी मला कधी मारलं नाही, घालूनपाडूनही बोलल्या नाहीत. तरी कॉलेजात शिरताना माझी पहिली नजर व्हरांड्यातल्या खिळ्याकडं जायची. त्यांची काळी छत्री तिथं टांगलेली असली की भीती, नसली की आजचा दिवस सुटलो. आज त्यांच्याइतकं मी कुणालाच मानत नाही, आणि त्या काळात मी त्यांनाच चुकवत फिरत होतो.

मला तेव्हा तशी सगळ्याचीच भीती वाटायची. माझ्याआधी आमच्या घरातल्या कुणी कॉलेजचा दरवाजा पाहिलेला नव्हता. आप्पांचं गावात किराणा दुकान. पुढं दुकान, मागं घर, मध्ये गोणपाटाचा पडदा. घरात गूळ, घासलेट आणि मिरचीपुडीचा असा काही एकत्र वास भरलेला असायचा की माझ्या शर्टालाही तो यायचा आणि बीडच्या पोरांना तो कळेल म्हणून मी शेवटच्या बाकावर खिडकीपाशी बसायचो. मी बोललो की माझी भाषा कळेल, गप्प बसलो तर काही येत नाही हे कळेल, अशी दोन्हीकडून पंचाईत. आठवडाभर बीडला एका खोलीवर राहायचं आणि शनिवारी एसटीनं गावाकडं. गाव पालीच्या पुढं, डोंगराला पाठ टेकून बसलेलं. दर शनिवारी निघताना वाटायचं, सोमवारी परत आलोच नाही तर कुणाच्या लक्षात तरी येईल का?

आमच्याकडच्या बोलण्याची एक गोष्ट इथं सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमचा मुलूख तिरका आहे. दक्षिणेला बालाघाटचा डोंगर, उत्तरेला गोदावरी. तिला आम्ही गंगाच म्हणतो. पाणी डोंगरातून निघतं आणि गंगेला जातं. म्हणून डोंगराकडं निघालेला माणूस 'वर' जातो आणि गंगेकडं निघालेला 'खाली'. बीडहून पालीला जायचं म्हणजे वर, कपिलधारला जायचं म्हणजे आणखी वर, गेवराईला जायचं म्हणजे खाली. उत्तर-दक्षिण हे शब्द आम्ही शाळेच्या पुस्तकात ठेवून यायचो. गावातही तसंच. डोंगराच्या अंगाला होती ती वरली गल्ली. तिथं महादेवाचं दगडी देऊळ आणि गावातली मोठी घरं. गंगेच्या अंगाला, ओढ्याच्या पलीकडं होती ती खालची वस्ती. तिला खालची म्हणण्यात नुसती दिशा नव्हती, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. तिथली माणसं आमच्या दुकानात येत, बाहेरच्या ओट्यापाशी उभी राहून तेल-मीठ नेत. आमच्यातलं कुणी तिकडं जात नव्हतं. मायनं तर आयुष्यात तिकडं पाऊल टाकलेलं नव्हतं.

प्रात्यक्षिकाच्या पहिल्या तासाला मॅडमनी भिंतीवर जिल्ह्याचा मोठा नकाशा लावला, वर्गावरून नजर फिरवली आणि माझ्यावर थांबवली. "शिवलिंग, पालीच्या पुढं गाव ना तुझं? ये इकडं. हे बीड. पाली कुठं ते दाखव." हातात ती पेन्सिल दिली. मी पेन्सिल बीडवर टेकवली आणि सरळ वर नेली. "वर हाय मॅडम, पाली." पेन्सिल गेवराईच्या जवळ पोचली तरी पाली सापडेना. वर्ग गप्प होता, कारण आमच्यातल्या बहुतेकांनी तेच केलं असतं. बदली होऊन आलेल्या एका साहेबाचा मुलगा तेवढा फिसकन हसला.

"हसू नको," मॅडम त्याला म्हणाल्या. "तो बोलला बरोबर, दाखवलं चूक. क्यूं रे शिवलिंग, पाली उंचावर आहे म्हणून वर म्हणालास ना? पण कागदावर वर म्हणजे उत्तर. तुमची गंगा उत्तरेला. म्हणजे तुमचं खाली ते कागदाचं वर, आणि तुमचं वर ते कागदाचं खाली." मी पेन्सिल खाली आणली. पाली तिथं होती, धरणाच्या निळ्या ठिपक्याशेजारी. तिथून बिंदुसरेची निळी रेघ निघाली होती आणि कागदावर वर वर चढत बीडात शिरत होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "मॅडम, नदी वर चढायली." आता मात्र सगळा वर्ग हसला. मॅडमही हसल्या. मला हसू आलं नाही. पाणी वर चढताना मी पहिल्यांदा पाहत होतो, आणि ज्या जमिनीवर मी जन्मलो ती कुणीतरी उलटी टांगली आहे असं मला वाटलं. पुढं कित्येक दिवस नकाशाचा तास आला की मी भिंतीकडं न बघता खिडकीबाहेर बघत बसायचो.

मॅडमच्या ते लक्षात आलं असणार. एका दुपारी त्यांनी आम्हा पाच-सहा जणांना कॉलेजच्या गच्चीवर नेलं. तिथून घाटाची निळसर कड दिसायची. माझ्या हातात घडीवर फाटलेलं एक जुनं टोपोशीट दिलं. बारीक प्रमाणाचा, तपकिरी रेघांनी भरलेला तो सरकारी नकाशा मी पहिल्यांदाच जवळून पाहत होतो. "घाटाकडं तोंड कर," त्या म्हणाल्या. मी केलं. "आता नकाशा फिरव. घाट समोर आहे तर कागदावरचा घाटही समोर पाहिजे." मी फिरवला तशी सगळी गावांची नावं उलटी झाली. "अक्षरं उलटी झाली मॅडम." "होऊ दे. अक्षरं वाचायला नाही आलो आपण. जमीन वाचायला आलोय. नकाशा वाचता आला की माणूस भीत नाही." आणि खरंच, कागदावरची नदी डोंगरातून निघून माझ्याकडं यायला लागली, माझ्या पायांखालून गेली आणि पाठीमागं गंगेकडं निघाली. भीती गेली नाही, पण पाय जमिनीला लागल्यासारखे झाले.

मग त्यांनी आम्हाला मुठी आवळायला लावल्या. बॉलपेननं ज्यानं त्यानं आपल्याच मुठीवर रेघा काढायच्या. बोटांच्या उंच सांध्यांभोवती गोल, मग त्याखालून सगळ्या मुठीला वळसा घालणारी एक सलग रेघ, उंची कुठंही न बदलता. "ही समोच्च रेषा. तिच्यावरून चाललात तर ना चढ ना उतार. आता बघा, दोन सांध्यांच्या मधली खाच म्हणजे ओढा. रेघ खाचेपाशी आली की आत घुसते, डोंगराकडं. नकाशात असं टोकदार वळण दिसलं की समजायचं, पाणी इथून येणार. आणि कुठं नुसतं गोल कडं दिसलं, बांगडीसारखं, तर ते टेकाड. पाणी त्याला वळसा घालून जातं." त्या शनिवारी घरी गेलो तर मायनं माझी मूठ पाहिली. "हे काय गोंदून आलास रे? कॉलेजात गोंदायला शिकवत्यात का?" मी सांगितलं, डोंगर आहे. ती आक्काला म्हणाली, "बघ गं, तुझा भाऊ हातावर डोंगर घेऊन आला, आन् घागर उचलायला सांगितली की हात दुखतेत."

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण मंगल. घाटनांदूरला दिलेली. पहिल्या बाळंतपणासाठी ती माहेरी आली होती. अंगानं किरकोळ, आणि तेव्हा पोट असं पुढं आलेलं की उठताना भिंत धरायची. तिला शेंगोळ्यांचे डोहाळे लागले होते. माय कुळथाच्या पिठाची वेटोळी वळून लसणाच्या रश्श्यात सोडायची, आक्का एकेक वेटोळं बोटानं उचलून खायची, आणि आप्पा दुकानातून पडदा सारून सारखं विचारायचे, "जेवली का पोर?" एरवी आप्पा फार बोलणारे नव्हते.

आमच्या घरात आणखी एक आवाज होता, तळ्याचा. गावाच्या वर डोंगरात दुष्काळी कामावर बांधलेला मातीचा पाझर तलाव होता. पावसाळ्यात तो भरला की जादा पाणी सांडव्यावरून पडायचं आणि गावभर त्याची घरघर ऐकू यायची, लांब कुणीतरी जात्यावर दळत बसल्यासारखी. बाकीच्यांना तो आवाज गोड वाटायचा, तळं भरल्याचा. मला लहानपणापासून त्याची धास्ती होती. माय म्हणायची, "सांडवा बोलतोय तवर भ्यायचं न्हाई." म्हणून मी अंथरुणात तो ऐकत पडायचो. आजही मुलाच्या फ्लॅटमध्ये पावसाळ्यात झोपताना मी नकळत कान देतो. तिथं ऐकू येते ती गच्चीच्या पन्हाळीची धार.

नवरात्राच्या सुट्टीत मॅडमनी अभ्यास दिला. आपापलं गाव टोपोशीटवर शोधायचं, त्याचा चढउतार ओळखायचा. ते फाटकं टोपोशीट त्यांनी मला घरी न्यायला दिलं. "सांभाळून. कॉलेजचं आहे. जसं नेलंस तसं परत आण." एवढं ऐकल्यावर मी ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून भिंतीतल्या देवळीत वरच्या फळीवर ठेवलं आणि दिवसातून चार वेळा काढून पाहायचो. नकाशा जुना होता, त्यावर आमचं तळं नव्हतं. मी ते पेन्सिलीनं काढलं. मग तपकिरी रेघांवरून बोट फिरवत गावाशी आलो आणि अडकलो. एक रेघ ओढ्यापाशी टोकदार होऊन आत घुसली होती, आणि वरली गल्ली, महादेवाच्या देवळाच्या खुणेसकट, नेमकी त्या टोकाच्या पोटात बसलेली. आणि ओढ्याच्या पलीकडं, खालच्या वस्तीभोवती, टिकलीएवढं एक गोल कडं होतं. म्हणजे खालची वस्ती उंच आणि वरली गल्ली खोल? मला वाटलं, नकाशाच चुकला असेल. मग वाटलं, मीच चुकलो असेन. सुट्टी संपल्यावर मॅडमना विचारायचं, असं ठरवलं, आणि विचारण्याच्या कल्पनेनंच घाबरून नकाशा पिशवीत घातला.

पाऊस घटस्थापनेच्या आधीपासून लागला होता. हस्त नक्षत्राचा, हत्तीचा पाऊस, सोंडेनं ओतल्यासारखा. त्या दुपारी आप्पांनी दुकान अर्धं लावून घेतलं होतं. आक्का बाजल्यावर पडलेली, मी तिच्या पायाशी पुस्तक घेऊन, माय चुलीपाशी शेंगोळे वळत होती. एकदम मायचा हात थांबला. बोटाला पीठ तसंच. ती छपराकडं बघत राहिली.

"सांडवा गप झाला गं," ती म्हणाली.

आम्ही सगळ्यांनी कान दिले. पाऊस तसाच कोसळत होता, आणि त्याच्या मागची घरघर थांबली होती. आप्पा पडदा सारून आत आले. तेवढ्यात वाटेवरून डोंगरातला एक मेंढपाळ ओरडत पळत गेला. "सांडव्यात बाभळी आडकल्यात! पानी पाळीवरून चाललंय! वर पळा, देवळाकडं! वर!" मातीच्या पाळीवरून पाणी चाललं की पाळ टिकत नाही, हे गावातल्या पोरालाही ठाऊक होतं.

आक्काला चालवायचं कसं? शेजारचे तात्या आणि त्यांचे दोन भाऊ आले. तात्या म्हणजे वरल्या गल्लीत जमीनजुमला असलेला, तोंडानं फटकळ पण वेळेला धावणारा माणूस. आप्पांनी आणि त्या तिघांनी बाजल्याचे चार खूर उचलले, वरून गोणपाट टाकलं आणि आक्काला नेलं. निघताना मी देवळीतली पिशवी शर्टाच्या आत खुपसली. गाव वाहून जायची वेळ आली होती आणि माझ्या डोक्यात होतं की कॉलेजचा नकाशा भिजला तर मॅडम काय म्हणतील.

देवळात अर्धं गाव जमलं होतं. ओली घोंगडी, उदबत्तीचा धूर, रडणारी लेकरं, आवारात बांधलेली जनावरं. सगळे म्हणत होते, वाचलो, आता भ्यायचं नाही, हे गावातलं सगळ्यात वरलं ठिकाण. आक्काचं बाजलं सभामंडपाच्या कडेला ठेवलं होतं. मला तो टोकदार वळणाचा तुकडा आठवला. खांबाच्या आडोशाला जाऊन मी नकाशा उघडला. उत्तर वर धरूनच उघडला, सवयीनं. गाव दिसलं, खालची वस्ती त्याच्या वर दिसली, ओढा वर चढताना दिसला, आणि मला काही उमगेना. पुन्हा तीच भिंत, पुन्हा तोच हसणारा वर्ग. मग गच्ची आठवली. मी डोंगराकडं तोंड केलं आणि कागद फिरवला. पिशवीत पाणी शिरलं होतं, घडीवर तो ओला होऊन सुटायला लागला होता. हातात धरता येईना म्हणून मी तो छातीशी दाबला आणि डोळ्यांसमोर मूठ आवळली. हा सांधा डोंगराचा. हा सांधा खालच्या वस्तीचा. आणि मधली ही खाच. मी खाचेत उभा होतो. आक्काचं बाजलं खाचेत होतं.

"आप्पा, आक्काला इथून हलवा. पाणी इथंच येतंय."

"देवळात? लेका, सगळ्यात वरलं ठिकाण हाय हे."

"वरल्या अंगाचं हाय आप्पा. उंच न्हाई."

तात्या पागोट्यातलं पाणी पिळत होते. "कावून भ्या दाखवायलास बे लोकायला? कागदात दिसायलाय का तुला पूर?"

"दिसतंय तात्या."

"मग कुठं न्यावं म्हन्तो, मास्तर?"

"खालच्या वस्तीवर."

मग हसू फुटलं, भ्यालेल्या माणसांचं, गरजेपेक्षा मोठं. "पूर येयलाय वरून आन् हे पोरीला खाली न्यायलंय!" तात्या म्हणाले. "आप्पा, चार बुकं शिकून येडं झालं ल्योक तुमचं." मग आवाज उतरवून, "आन् दिवस भरलेली लेक तुमी त्या वस्तीत निजवनार?"

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. "खात्री हाय का तुला?"

खात्री मला नव्हती. हे मी आज स्पष्ट लिहितो. नकाशा जुना असेल, मी वाचला तो चुकीचा असेल, आणि ओढा ओलांडताना आम्ही सगळे वाहून जाऊ, हे सगळं मला दिसत होतं. मी एवढंच म्हणालो, "मॅडमनी शिकवलंय."

"कोन मॅडम?" आप्पांनी विचारलं.

"शेख मॅडम."

आप्पा हलले नाहीत. तेव्हा आक्का बाजल्यावर उठून बसली. "मी चालते," ती म्हणाली. "आप्पा, ह्यो जन्माचा भित्रा हाय. पन भिऊन खोटं कवा बोलला न्हाई." खांब धरून ती उभी राहिली. बाजलं उचलायला कुणी पुढं आलं नाही. ते तिथंच राहिलं, गोणपाटासकट.

तो रस्ता मला स्वप्नात अजून दिसतो. गाव सगळं वर निघालेलं आणि आम्ही चौघं उलटे, खाली. समोरून येणारी माणसं ओरडत होती, "ओ आप्पा, तिकडं कुठं?" आप्पा मान खाली घालून चालत होते. प्रत्येक पावलाला उतार होता, आणि प्रत्येक पावलाला वाटत होतं की मी माझ्या बहिणीला हातानं धरून पाण्याच्या तोंडात नेतोय. आक्काचा हात माझ्या खांद्यावर होता, नखं रुतलेली. मधूनच ती थांबायची, श्वास घ्यायची, पोटाला हात लावायची. माय 'नमः शिवाय' पुटपुटत होती आणि मध्येच, "पाय बघून टाक गं, पाय बघून." मागं वळून पाहिलं तर दोन बाया लेकरं काखेत घेऊन आमच्या मागं निघाल्या होत्या. आक्काला जाताना पाहून निघाल्या असतील. त्यांना पाहून मला धीर यायच्या ऐवजी रडू फुटलं. आता त्यांचंही ओझं माझ्यावर.

ओढ्याला मांडीएवढं पाणी होतं. आप्पांनी आणि मी आक्काला दोन्हीकडून धरलं. मधोमध तिचा पाय घसरला आणि ती ओरडली नाही, नुसता तोंडानं 'हं' असा आवाज केला. त्या क्षणी पाळ फुटली असती तर हे लिहायला कुणी उरलं नसतं. पलीकडं लागलो, मागच्या दोघी बायाही लागल्या, चिखलातून चाललो, आणि थोड्या वेळानं मला जाणवलं की माझे गुडघे वाकायला लागलेत, दम लागतोय. आम्ही चढत होतो. चढण अगदी हळू होती, डोळ्यांना दिसणारी नव्हती, फक्त पायांना कळणारी. आणि आमच्यातले कुणाचे पाय कधी तिथं गेलेच नव्हते.

पहिलं घर गयाबाईचं. शेतात मजुरीला जाणारी, दुकानात ओट्यापाशी उभी राहून आप्पांशी भावावरून हुज्जत घालणारी बाई. ती दारात उभी होती. आम्हाला पाहून कमरेवर हात ठेवून म्हणाली, "या! आज वरले खाली आले म्हनायचं!" मग माझ्या खांद्याला धरून उभी असलेली आक्का तिला दिसली आणि तिचा सगळा सूर बदलला. "अगं माय! अन् हिला चालवत आनली व्हय? सरका, सरका तुमी." आक्काला तिनं वाकळीवर बसवलं, कोरडं लुगडं दिलं, चुलीत काटक्या सारल्या. काळा चहा आणि ज्वारीच्या भाकरीवर मिरचीचा ठेचा पुढं आला. माय दाराशीच उभी होती. "आत ये की मामी," गयाबाई म्हणाली, "भित भित कवर उभी ऱ्हाशील? इथं पानी चढत न्हाई." माय आत आली. भाकरीचा तुकडा तिनं हातात घेतला, थोडा वेळ तसाच धरून बसली, आणि मग खाल्ला.

आणि मग काहीच झालं नाही. पाऊस पडत होता, ओढा होता तसा वाहत होता. आप्पा दारातून गावाकडं पाहत उभे होते. दिवस उतरायला लागला.

"न्हाई आलं तर?" ते मला म्हणाले.

"न्हाई आलं तर चांगलंच हाय की आप्पा."

"मला गावात तोंड दाखवायचंय."

खरं सांगायचं तर त्या वेळी माझ्या मनात दोन भीती एकमेकींना ढकलत होत्या, पाणी येईल ही आणि पाणी येणार नाही ही. दुसरीची मला इतकी लाज वाटली की मी मूठ उघडून तळहात चड्डीला पुसला.

आवाज आला तो पाण्यासारखा नव्हता. खडीनं भरलेले ट्रक एकामागून एक रिकामे करावेत तसा. डोंगराच्या अंगाची झाडं हलली आणि एक तपकिरी, काड्याकुड्यांनी भरलेली भिंत वरल्या गल्लीत शिरली. देवळाच्या आवारातून किंचाळ्या आल्या. जनावरं ओरडली, मग ओरडायची थांबली. पाणी गावातून दुकानांच्या पाट्या, पत्रे, कडब्याच्या पेंढ्या घेऊन उतरलं, आमच्या टेकाडापाशी आलं आणि दोन्ही बाजूंनी वळसा घालून खाली गंगेकडं निघून गेलं. वळसा घालून. मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि दाराच्या चौकटीला धरून ओकलो.

देवळातली माणसं छपरावर आणि लिंबावर चढून वाचली. एकही माणूस गेला नाही, ही महादेवाची कृपा. तात्या रात्रभर शिखराला मिठी मारून बसले होते. सकाळी दोरांनी उतरवलं तेव्हा आवारात बांधलेले त्यांचे दोन्ही बैल गेले होते. आमच्या दुकानात गुळाच्या ढेपा विरघळून भिंतींना चिकट ओघळ आले होते आणि सगळीकडं मुंग्या. ओढ्याच्या खालच्या अंगाला एका बाभळीच्या बेचक्यात, माणसाच्या उंचीच्याही वर, एक बाजलं अडकलेलं होतं. एक खूर मोडलेला, सुतळ्या सुटलेल्या. आप्पा त्याच्याकडं बघत किती तरी वेळ उभे राहिले. ते काढायला ते कुणालाच चढू देईनात.

पुढं मी शाळेत शिक्षक झालो आणि आयुष्यभर भूगोल शिकवला. हजारो पोरांच्या मुठींवर मी रेघा काढायला लावल्या. हल्ली नातू त्याच्या फोनवरचा नकाशा दाखवतो. आपण वळलो की तोही आपोआप वळतो, अक्षरं मात्र सुलटीच राहतात. "आजोबा, आता काही फिरवायला लागत नाही," तो म्हणतो. मी हो म्हणतो, आणि तो नसताना खिडकीशी उभा राहून एकदा डोंगर कुठं आहे ते बघून घेतो.

सुट्टी संपली तरी मी आठवडाभर कॉलेजात जाऊ शकलो नाही. दुकानातला गाळ काढायचा होता. आणि दुसरं कारण असं की टोपोशीट परत द्यायचं होतं. म्हणून आधी पत्र पाठवलं. त्याची कच्ची नक्कल माझ्याकडं राहिली आहे. आहे तशी देतो.

आदरणीय मॅडम यांना शिवलिंगचा सादर प्रणाम.

मी सुट्टीनंतर कॉलेजात आलो नाही याबद्दल क्षमा असावी. आमच्या गावचं तळं फुटलं. घरातली सगळी सुखरूप आहेत. तुम्ही दिलेला नकाशा मात्र मी जसा नेला तसा आणू शकत नाही. तो पावसात भिजून त्याचे तुकडे झाले. शर्टाच्या आत आमच्या गावाचा तुकडा तेवढा छातीला चिकटून राहिला. तो वाळवून सोबत पाठवत आहे. त्यावर मी पेन्सिलीनं काढलेलं तळं दिसेल. ते आता नाही, पण मी खोडलेलं नाही.

माझी बहीण मंगल हिला बीडच्या दवाखान्यात मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. पाणी आलं तेव्हा ती खालच्या वस्तीत होती. तिला तिथं न्यायला मी सांगितलं आणि मला सांगायला तुम्ही शिकवलं. आप्पांना लिहिता येत नाही. त्यांनी तुम्हाला नमस्कार लिहायला सांगितला आहे. ते तुमचं नाव नीट म्हणायला शिकले आहेत.

मॅडम, गच्चीवर तुम्ही म्हणाला होतात की नकाशा वाचता आला की माणूस भीत नाही. माझी भीती गेलेली नाही. आताही पाऊस आहे आणि मी भीतभीतच लिहीत आहे. कुठं उभं राहून भ्यायचं, एवढं कळलं.

अभ्यास पूर्ण झालेला नाही. एकच गोष्ट लिहितो, ती प्रात्यक्षिकात धरता आली तर धरावी. गयाबाई म्हणून खालच्या वस्तीतल्या एक बाई आहेत, त्यांच्याकडचं पीठ त्या दिवशी आमच्या जेवणात संपलं. काल मायनं दळण करून त्यांच्यासाठी डबा भरला, डोक्यावर पदर घेतला आणि दारातून मला म्हणाली, "दुकानाकडं बघ रे, मी जरा वर जाऊन येते." तिला कुणी काही शिकवलेलं नाही.

आपला आज्ञाधारक विद्यार्थी,
शिवलिंग